कॉलेजचा कोर्स आणि शाळेचं दप्तर

फळ्यावर गणित लिहून मी मागे वळेपर्यंत त्या मुलीची वही मिटलेली असायची. नववीत होती. उरलेल्या तासात ती समासात लाल पेनाने वेलबुट्टी काढायची. वर्षाअखेर वहीचे समास बघण्यासारखे झाले होते आणि तिचं गणित मात्र पहिल्या दिवशी होतं तिथेच उभं होतं. तिच्यामुळे मी या उद्योगात पडले: शाळकरी मुलांना कॉलेजचे ऑनलाइन कोर्स करायला लावणं. खरं तर करू देणं.

त्यानंतर वीसेक मुलं माझ्या हाताखालून गेली. काही शेवटपर्यंत पोचली, काही मधेच थांबली आणि दोघांना मी स्वतःच चुकीच्या कोर्सात ढकललं. घरात किंवा वर्गात असं मूल असेल आणि त्याचं काय करावं हे सुचत नसेल, तर माझ्या या खटाटोपातून तुम्हाला काही उचलता येईल.

कोर्स शोधणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. एमआयटीने आपलं शिकवण्याचं साहित्य सगळ्यांसाठी फुकट खुलं करायचं 2001 मध्ये जाहीर केलं, आणि आज त्यांच्या ओपनकोर्सवेअरवर अडीच हजारांहून जास्त कोर्स आहेत. नाव नोंदवावं लागत नाही, वय कोणी विचारत नाही. तरीही मुलं अडतात, कारण मूल नेमकं कुठल्या पायरीवर उभं आहे हे कोणी तपासलेलं नसतं, त्याला वेळ मोकळा करून दिलेला नसतो आणि त्याने लिहिलेलं वाचणारं कोणी नसतं. ही कामं मोठ्यांची आहेत, आणि त्यांना गणित यावंच लागतं असंही नाही.

आधी पेपर, मग कोर्स

शाळेतले मार्क थोडे बाजूला ठेवा. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या दोन मुलांमध्ये चार वर्षांचं अंतर असू शकतं, आणि शाळेच्या पेपरात ते दिसणारच नाही, कारण पट्टीच तिथे संपते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी लांब पट्टी घेतली. सॅट ही परीक्षा अमेरिकेत कॉलेजात जाणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं देतात. ती त्यांनी 12-13 वर्षांच्या मुलांना दिली. शाळेत एका रांगेत दिसणारी मुलं त्या पेपरात लांबच लांब पसरली. त्यांची पुढची पद्धत मला जास्त उपयोगाची वाटते: पेपरात जे आलं ते पुन्हा शिकवायचं नाही. जे चुकलं तेवढंच शिकवायचं, पुन्हा पेपर घ्यायचा आणि पुढे सरकायचं.

घरी हे करायला फार काही लागत नाही. ओपनकोर्सवेअरवर बऱ्याच कोर्सेसच्या जुन्या परीक्षा उत्तरांसकट ठेवलेल्या आहेत. ज्या कोर्सात मुलाला बसवायचं मनात आहे, त्याच्या आधीच्या कोर्सची शेवटची परीक्षा घ्या. एमआयटीत कोर्सना नंबर असतात: 18.01 म्हणजे एका चलाचं कॅल्क्युलस, 18.02 म्हणजे अनेक चलांचं, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. 18.02 करायचा असेल तर 18.01 चा पेपर. घड्याळ लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तपासता येत नसेल तर उत्तरं शेजारी ठेवून मुलालाच तपासू द्या, पण तुमच्या समोर. आपली चूक स्वतः शोधताना मूल काय करतं हे बघण्यासारखं असतं. कोणी चिडून पेन टाकतं, कोणी चूक सापडल्यावर हसतं. हसणारं मूल टिकतं, असा माझा अनुभव.

माझा ठोकताळा असा: ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर बिनधास्त पुढे जा. पन्नास ते ऐंशी असेल तर चुकलेले धडे तेवढे भरून काढा. त्यासाठी खान अकॅडमी आहे, किंवा राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची फुकट पुस्तकं आहेत. पन्नासच्या खाली असेल तर जो कोर्स आपण ओलांडू पाहत होतो तोच त्याचा कोर्स. त्यात कमीपणा काही नाही. शाळेत असताना 18.01 करणारं मूलही कॉलेजचंच काम करतंय.

मी हे शिकले ते एका मुलाला बुडवून. क्ष वर्गाचं डेरिव्हेटिव्ह 2क्ष, हे त्याला तोंडपाठ होतं. असली तीसेक सूत्रं घडाघड म्हणायचा. मी भाळले आणि पेपर न घेता त्याला थेट मल्टिव्हेरिएबलमध्ये घातलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने माझ्या मेसेजला उत्तर देणं बंद केलं. महिन्याभराने भेटला तेव्हा मी विचारलं, ‘क्ष वर्गाचं 2क्ष का येतं रे?’ तो गप्प. लिमिट म्हणजे काय हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं, आणि विचारायची मला बुद्धी झाली नव्हती.

वरच चढायला हवं असं नाही

पुढे असलेल्या मुलांना मोठी माणसं जमेल तितक्या लवकर कॅल्क्युलसला नेऊन भिडवतात. मीही नेलं आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला संख्यासिद्धांत (नंबर थिअरी), मोजणीचं गणित, संभाव्यता यांत दोन वर्षं खुशाल रमता येतं, आणि सिद्धता लिहायची सवय तिथे जितकी चांगली लागते तितकी सूत्रांच्या कॅल्क्युलसमध्ये लागत नाही. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या वेबसाइटवरचं अल्क्युमस हे गणितं सोडवायचं साधन फुकट आहे आणि मुलाच्या वकुबाप्रमाणे प्रश्न अवघड करत जातं. कोर्स निवडण्याआधी महिनाभर तिथे सोडा. कुठल्या विषयाकडे हात आपोआप जातो ते कळेल.

आणि हुशार म्हणजे गणितातच हुशार, हे आपण मोठ्यांनी ठरवून टाकलेलं आहे. येलने 2007 मध्ये ओपन येल कोर्सेस सुरू केले. त्यात प्राचीन ग्रीसचा इतिहास आहे, मानसशास्त्र आहे, तत्त्वज्ञान आहे, आणि वर्गात बसल्यासारखी सगळी लेक्चर्स आहेत. हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचा न्यायावरचा कोर्स तर वाद घालणाऱ्या मुलांसाठीच आहे. माझ्याकडच्या एका मुलाने तो केला. घरी जेवताना त्याच्याशी कोणी बोलेना, ही एकच तक्रार होती.

बाकी ठिकाणं भराभर सांगते. एडएक्स आणि कोर्सेरा ही दोन्ही 2012 पासून आहेत. इथे असाइनमेंट मशीन तपासतं आणि डेडलाइन असते. फुकट किती बघता येईल आणि किती दिवस, हे कोर्सागणिक वेगळं असतं, म्हणून नाव नोंदवण्याआधी त्या कोर्सचं पान शेवटपर्यंत वाचा. एनपीटीईएलवर आयआयटी आणि आयआयएससीची लेक्चर्स आहेत; इंजिनिअरिंगचा एखादा खास विषय हवा असेल तर तिथे हमखास सापडतो. कॉम्प्युटरसाठी हार्वर्डचा सीएस50 मी डोळे झाकून सुचवते. पहिल्या आठवड्याच्या आधी ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं स्क्रॅच, मग थेट सी ही भाषा, पुढे पायथन आणि डेटाबेससाठीचं एसक्यूएल. लिहिलेला प्रोग्रॅम तपासायला त्यांचं स्वतःचं साधन आहे, त्यामुळे रात्री अकरा वाजताही मुलाला ‘बरोबर की चूक’ कळतं. गणिताच्या सिद्धतेला अशी सोय नाही. तिला माणूसच लागतो. जिवंत शिक्षक आणि ठरलेला वर्ग हवा असेल तर जॉन्स हॉपकिन्सचं सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ किंवा 2006 मध्ये सुरू झालेलं स्टॅनफर्ड ऑनलाइन हायस्कूल आहे. तिथे फी आहे, प्रवेशाची चाळणी आहे. ऐपत असेल तर जरूर बघा, पण त्यावाचून अडत नाही.

वेळेचा हिशेब

ज्या कोर्सवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो म्हणजे गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जिब्रा, 18.06. व्हिडिओची 34 लेक्चर्स आहेत. मूल म्हणतं, रोज एक बघतो, महिन्याभरात संपवतो. हे ऐकलं की मी कागद घेते.

एमआयटीच्या हिशेबात हा 12 युनिटचा कोर्स आहे. म्हणजे आठवड्याला बारा तास काम, आणि त्यातले चारच तास वर्गात. उरलेले आठ तास घरी, पेन हातात धरून. चौदा आठवड्यांचं सत्र धरलं तर 168 तास झाले. शाळा, गृहपाठ, खेळ, झोप जाऊन मुलाकडे आठवड्याला पाच तास उरतात (यापेक्षा जास्त उरतात असं सांगणाऱ्या मुलावर मी विश्वास ठेवत नाही). 168 भागिले 5, म्हणजे जवळजवळ 34 आठवडे. लेक्चर्सही चौतीसच! तेव्हा आठवड्याला एक लेक्चर. लेक्चरचा तास गेला की बाकीचे चार तास प्रॉब्लेम सेटचे, म्हणजे कोर्सबरोबर सोडवायला दिलेल्या गणितांचे.

हे मुलांना फार संथ वाटतं. वाटू द्या. पाच तास कधी, ते वार आणि वेळ घालून भिंतीवर लावा. मूल एका वेळी एकच कोर्स करेल, ही अट मी आता लेखी घेते. फुकट असलं की मुलं ताटात वाढून घेतात आणि तसंच टाकून उठतात. सहा कोर्सेसमध्ये नाव घातलेला आणि सहाही दुसऱ्या लेक्चरवर थांबलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याला आळशी म्हणत होते घरचे. बिचारा आळशी नव्हता. त्याला सहाही आवडले होते.

माणूस लागतो

2012 मध्ये एमआयटीने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स, 6.002एक्स, जगभर खुला केला. सुमारे दीड लाख लोकांनी नाव घातलं. पास झाले सात हजारांच्या आसपास. पैकीच्या पैकी मार्क मिळवणारे साडेतीनशेसुद्धा नव्हते, आणि त्यांत मंगोलियातल्या उलानबाटरचा पंधरा वर्षांचा बट्टुशिग म्यांगनबायार होता. पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. ही गोष्ट सांगताना लोक ‘बघा, इंटरनेटवर काय काय होतं’ म्हणून थांबतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. त्यांनी हा कोर्स शाळेत आणला, एकट्या बट्टुशिगला न बसवता मुलांचा गट बसवला, आणि स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणारा एक जण प्रयोगाचं सामान घेऊन तिथे गेला, म्हणजे मुलांना पडद्यावरचं सर्किट हाताने जोडता आलं. सगळी मुलं काही टिकली नाहीत. पण त्या मुलाची हुशारी कितीही धरली तरी भोवती एवढी माणसं होती.

तुमच्याकडे एमआयटीत शिकलेलं कोणी नसेल. माझ्याकडेही नव्हतं. आठवड्यातला एक ठरलेला तास मात्र प्रत्येकाला देता येतो. त्या तासाला मूल वही घेऊन येतं आणि त्या आठवड्यातलं एक गणित मला समजावून सांगतं. मी शिकवत नाही. ऐकते आणि पान बघते.

हा तास कसा चालतो ते त्या लाल पेनवाल्या मुलीच्या पहिल्या आठवड्यावरून सांगते. स्ट्रँग यांचं पहिलं लेक्चर सुरू होतं दोन साध्या समीकरणांनी: 2क्ष − य = 0 आणि −क्ष + 2य = 3. शाळेत आपण दोन रेषा काढतो, त्या (1, 2) ला छेदतात, झालं. तिने दहा सेकंदांत उत्तर काढलं आणि मला म्हणाली, ‘बाई, हे तर मला येतं. दुसऱ्या लेक्चरला जाऊ?’ मी म्हटलं, नंतर त्यांनी उभे स्तंभ घेतले ना, ते दाखव. तिने तो भाग पुढे ढकलून बघितला होता. मग माझ्यासमोर बसून बघितला. क्षचा स्तंभ म्हणजे (2, −1) हा बाण. यचा स्तंभ म्हणजे (−1, 2) हा बाण. प्रश्न असा की पहिला बाण किती वेळा आणि दुसरा किती वेळा चाललो की (0, 3) ला पोचू? पहिला एकदा, दुसरा दोनदा. उत्तर तेच, चित्र मात्र पार वेगळं.

मी विचारलं, ‘(0, 3) ऐवजी दुसरा कुठलाही बिंदू दिला तर पोचता येईल?’ ‘येईल.’ ‘आणि दुसरा बाण (−4, 2) असता तर?’ तिने तोंड उघडलं आणि मिटलं. वहीत (2, −1) काढला. मग (−4, 2) काढला. तो त्याच रेषेवर उलटा पडला. किती का वेळा चाला, पाय त्या रेषेवरून हलतच नाहीत, आणि (0, 3) लांब बाजूला उभा. ‘उकल नाही’ हे दोन शब्द तिने शाळेत शंभर वेळा लिहिले असतील. ती का नाही हे त्या दिवशी तिला पेनाच्या टोकाशी दिसलं. घरी जाऊन तिने ते लेक्चर पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मी सांगितलं नव्हतं.

‘पण आम्हाला लिनिअर अल्जिब्रा येत नाही’ म्हणाल, तर माझ्याकडच्या एका मुलाच्या आईचं सांगते. गणित सोडून तिला पंचवीस वर्षं झाली होती. ती मुलाच्या सिद्धतेतल्या प्रत्येक ‘म्हणून’वर बोट ठेवायची आणि विचारायची, ‘हे म्हणून कुठून आलं?’ बस, एवढंच. मुलगा वैतागायचा. चार महिन्यांनी त्याच्या वहीतले पोकळ ‘म्हणून’ निघून गेले होते. ती माझ्यापेक्षा चांगली श्रोती होती, कारण मला उत्तर माहीत असायचं आणि मी मधली पायरी मनातल्या मनात भरून घ्यायचे.

चॅटबॉटचा प्रश्न हल्ली पहिल्याच दिवशी निघतो. माझा नियम असा: आधी वीस मिनिटं पेनाने, अडलेलं खोडलेलं सगळं तसंच ठेवून. मग विचारायचंच असेल तर पुढच्या पायरीचा इशारा मागायचा, उत्तर नाही. आणि वहीत समासात लिहायचं, ‘इथे विचारलं’. सीएस50सारख्या कोर्सेसचे प्रामाणिकपणाचे स्वतःचे नियम आहेत. ते मुलासोबत बसून वाचा, कारण दुसऱ्याचा कोड बघणं म्हणजे नक्की काय हे मुलांना खरंच माहीत नसतं.

खातं कोणाच्या नावावर

हा भाग रुक्ष आहे, पण मी यात तोंडघशी पडले आहे. घाईत एका मुलाला मी माझ्याच खात्यावरून कोर्स सुरू करून दिला. त्याने चार महिने घाम गाळला, सगळ्या परीक्षा दिल्या आणि सर्टिफिकेट आलं माझ्या नावाचं. नाव बदलायला लिहिलं, तर उत्तर आलं की कोर्स केलेली व्यक्ती तीच असल्याचा पुरावा द्या. पुरावा कसला देणार! ते सर्टिफिकेट अजून माझ्याकडे पडून आहे आणि तो मुलगा भेटला की मला ‘कॉंग्रॅच्युलेशन्स’ म्हणतो.

तेव्हा खातं मुलाच्या नावाचं, ओळखपत्रावर आहे त्याच स्पेलिंगचं, आणि ईमेलही मुलाचा असू द्या. शाळेचा ईमेल देऊ नका, शाळा सुटली की तो बंद पडतो. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर किमान वय 13 असतं. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या खाजगी माहितीच्या कायद्यात आपली माहिती वापरायला मुलाने स्वतः संमती देण्याचं वय 16 आहे आणि सदस्य देशांना ते 13 पर्यंत खाली आणता येतं. त्याहून लहान मूल असेल तर खोटं वय टाकण्यापेक्षा ओपनकोर्सवेअर वापरा. तिथे खातंच लागत नाही. चर्चेच्या जागी मुलांनी फक्त पहिलं नाव लिहावं. शाळा, फोटो, फोन नंबर काही नको. तिथे भोवती सगळी मोठी माणसं असतात आणि त्यांना समोर चौदा वर्षांचं मूल आहे हे माहीत नसतं. ते बऱ्याचदा चांगलंच असतं, मुलाशी बरोबरीने बोलतात; पण खाजगी मेसेज आला तर तो घरी दाखवायचा, हे आधीच ठरलेलं असावं.

इंटरनेट रडतखडत चालत असेल तर ओपनकोर्सवेअरचं साहित्य उतरवून घेता येतं. कुठेतरी चांगलं कनेक्शन मिळालं की सगळा कोर्स पेनड्राइव्हवर घ्या.

आणि इंग्रजी. विषय येतो पण प्राध्यापकांचं बोलणं झेपत नाही, अशी मुलं पुष्कळ असतात आणि ती कबूल करत नाहीत. वेग पाऊणपट करा, सबटायटल्स लावा, लेक्चरचा लिहून काढलेला मजकूर छापून हातात द्या. वहीच्या मागच्या बाजूला नवे शब्द लिहायला लावा, पण शब्दकोशातला अर्थ नको. त्या विषयात त्याचा अर्थ काय ते स्वतःच्या भाषेत. ‘फील्ड’ म्हणजे शेत असं लिहून पुढे गेलेला मुलगा दोन आठवडे गोंधळलेला होता. पाचव्या-सहाव्या लेक्चरपर्यंत कान बसतो. त्याआधी मुलाला ‘झेपत नाही’ असं ठरवू नका.

शाळेशी बोलताना

मी स्वतः शाळेत शिकवते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. ‘आमच्या मुलाला तुमच्या तासाला कंटाळा येतो’ अशी सुरुवात केलीत की समोरचा शिक्षक कान मिटतो. मीही मिटले आहेत. त्यापेक्षा मुलाने सोडवलेला तो कॉलेजचा पेपर घेऊन जा आणि छोटी गोष्ट मागा: वर्गातलं काम संपल्यावर मागच्या बाकावर बसून स्वतःचा प्रॉब्लेम सेट करू द्याल का? हे कोणी सहसा नाकारत नाही. एक-दोन महिने ते सुरळीत चाललं की पुढचं मागा: धड्याच्या सुरुवातीलाच चाचणी घ्या, नव्वदच्या वर मिळाले तर त्या धड्याचा गृहपाठ माफ. गृहपाठाचे आठवड्याला दोन तास सुटले तर पाचाचे सात होतात, आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. जे ठरेल ते चार ओळींत लिहून दोघांनी जवळ ठेवा. शिक्षक बदलतात.

थांबायचं कधी हेही आधीच ठरवा. मी सहा आठवड्यांची खूण ठेवते. तोवर मूल दर आठवड्याला वही घेऊन येत असेल, मग अर्धं चुकलेलं का असेना, तर चालू ठेवायचं. वही येईनाशी झाली, लेक्चर्स ‘बघून झालीत’ पण पानं कोरी आहेत, तर थांबवायचं. थांबवताना ‘तुला जमलं नाही’ म्हणू नका. तारीख घालून ‘लेक्चर 9 पर्यंत’ असं वहीत लिहा आणि वही नीट ठेवून द्या. मी बुडवलेला तो मुलगा वर्षभराने 18.01 पासून सुरू करून परत आला. जुनी वही त्याने बरोबर आणली होती.

सर्टिफिकेट आणि क्रेडिट यांत घोळ घालू नका. सर्टिफिकेट म्हणजे कोर्स पुरा केल्याचा कागद. क्रेडिट म्हणजे विद्यापीठ आपल्या पदवीत जे मोजतं ते. पहिल्यावरून दुसरं आपोआप मिळत नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाकडे असे कोर्स आहेत की ते आधी करायचे, ग्रेड बघायची आणि मग ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर घ्यायची की नाही ते ठरवायचं. शाळकरी मुलासाठी ही सोय छान आहे, कारण घसरलं तर ती ग्रेड नोंदीत राहत नाही. मात्र ते क्रेडिट मूल जिथे पुढे जाणार आहे तिथे धरतात का, हे त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो, चालेल’ नंतर कोणाला आठवत नाही.

प्रवेशाच्या वेळी माझ्या मुलांना सर्टिफिकेटपेक्षा वह्यांचाच जास्त उपयोग झाला. निवडक दहा-बारा पानं स्कॅन करून पाठवली, खाडाखोडीसकट. मुलाखतीत प्रश्नही त्यावरूनच निघाले. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पानावर तारीख घालायला लावा. वर्षाअखेरीला बसून मागच्या तारखा घालायला गेलं की सगळ्या एकाच पेनाच्या येतात, आणि ते लगेच कळतं.